काळ्या टीशर्टवर स्टेन्सिल ठेवून रंग उडवतेय, पण पांढरं काही येत नाही

अनु_मिरज

नमस्कार मंडळी,

माझ्या दिराचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे. पाऊस ओसरला की हरिश्चंद्रगड ठरलाय आणि सगळ्यांना सारखे टीशर्ट हवेत. छापणारा पन्नासच्या खाली ऑर्डर घेत नाही आणि ही मंडळी जेमतेम डझनभर. "वहिनी, तुझी चित्रकला चांगली आहे ना" एवढं म्हटलं की मी पाघळते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तर काम माझ्या गळ्यात आहे.

डिझाइन साधं आहे. कोकणकडा बाजूने पाहिला की आत वळलेली जी कड दिसते ती एक जाड रेष, आणि तिच्याखाली "कोकणकडा" हा शब्द. रंगाने रंगवलं की धुण्यात तडकतं, म्हणून उलटं करायचं ठरवलं. काळा टीशर्ट घ्यायचा, वर स्टेन्सिल ठेवायचं आणि कपड्यांचं ब्लीच फवारून तेवढ्याच भागाचा रंग काढायचा. स्टेन्सिल सासऱ्यांच्या जुन्या एक्स-रेचं कापलंय. ब्लीचमध्ये तेवढंच पाणी घातलंय.

घरातल्या जुन्या काळ्या टीशर्टांवर करून बघितलं, त्यातून हे प्रश्न:

एका टीशर्टवर मस्त विटकरी रंग आला. दुसऱ्यावर मळकट गुलाबी. तिसऱ्यावर अर्धा तास ठेवूनही ढिम्म. पांढरं कुठेच नाही. ब्लीच कमी पडतंय का? पाणी न घालता वापरू?

कडा फुटतात. रेषेच्या बाहेर डाग पसरतो.

अक्षरं कापली की 'क'चं पोट गळून पडतं. ते वेगळं ठेवलं तर फवारताना उडून जातं.

शेवटचं, एका व्हिडिओत रंग उडाल्यावर कपडा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायला सांगितलंय, म्हणजे ब्लीच "थांबतं". करू का? आणि जाऊबाई म्हणतात की रंगाच्या दुकानात रंगकाट नावाची पावडर मिळते, ती आण. कोणी वापरली आहे का?

खारे_शेंगदाणे

ताई, ब्लीच कशाला विकत घेता? आमच्या ग्रामपंचायतीत टीसीएलची पोती पडून असतात. विहिरीत टाकायची ती पावडर. माझा एक शर्ट तिच्या नुसत्या जवळून गेला आणि आपोआप डिझायनर झाला.

(गंमत सोडा, पण खरंच चालेल का ती? कोणीतरी सांगा.)

धोटा_इचलकरंजी

अनुताई, व्हिनेगर आत्ताच्या आत्ता बाजूला ठेवा. त्याचं कारण कोणीतरी शास्त्रवाला सांगेल, मी माझ्या धंद्यातलं सांगतो. माझं अर्धं आयुष्य कापडाच्या प्रोसेसमध्ये गेलं. आधी ब्लीचिंग, मग डाइंग, शेवटची वर्षं प्रिंटिंग. आमच्याकडं कापडावर रंग चढवणारे पुष्कळ, काढायची वेळ आली की मात्र सगळे माझ्याकडं बोट दाखवायचे.

पहिली गोष्ट. ब्लीच कमी पडत नाही. पांढरं येणार की विटकरी, ते ब्लीच ठरवत नाही, त्या कापडात कुठला काळा बसलाय ते ठरवतं. दुकानात काळा हा एक रंग असतो, डाइंगमध्ये काळे बरेच.

कॉटनच्या टीशर्टवर बहुतेक रिॲक्टिव्ह काळा असतो, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध धरणारा. तो मुळात गडद निळा, आणि पक्का काळा दिसावा म्हणून त्यात नारिंगी किंवा लाल मिसळलेला. ब्लीच लावलं की निळा आधी मरतो आणि मागं नारिंगी उरतो. तुमचा विटकरी तिथनं आला. मिसळण वेगळी असली की गुलाबी येतो. काळ्या जीन्सला आणि स्वस्तातल्या काळ्या सुताला सल्फर काळा असतो, तो ब्लीचला लवकर शरण येतो आणि बदामी-खाकी होतो. व्हॅट नावाच्या जातीचे काही रंग मात्र असे चिवट असतात की कापड जाईल पण रंग जाणार नाही. आणि पिगमेंटचा काळा असेल तर तो धाग्यात शिरलेलाच नसतो, वरनं बाइंडरनं चिकटवलेला असतो, त्याला ब्लीचनं काही होत नाही.

तिसरा टीशर्ट, जो ढिम्म राहिला, तो पॉलिस्टर असणार. लेबलवर काय लिहिलंय ते सोडा, आतल्या शिवणीच्या कडेनं कापडाचेच दोन धागे उपटा, शिलाईचा दोरा नको, आणि चिमट्यात धरून पेटवा. कॉटन कागदासारखं जळतं, कागदासारखाच वास येतो, राख बोटानं चुरगळते. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. दोन्ही झालं तर मिक्स. मिक्समध्ये कॉटनचा भाग उडतो, पॉलिस्टरचा राहतो, म्हणून मीठ-मिरीसारखं करडं दिसतं. काहींना ते आवडतं, पण तुमच्या रेषेला उठाव येणार नाही.

त्यामुळं दिराला सांगा, सगळे टीशर्ट एकाच दुकानातनं, एकाच कंपनीचे आणि जमलं तर एकाच लॉटचे घ्यायचे. लायक्रा नको. क्लोरीननं लायक्रा पिवळी पडते आणि तिचा ताण जातो. पहिला टीशर्ट आणला की खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघा. जो रंग येईल तो येईल. माझं मत विचाराल तर विटकरी आला तर देवाचे आभार माना. कोकणकडा पांढरा कुठं असतो? तो विटकरीच दिसायला पाहिजे. पांढऱ्याच्या मागं लागून लोक ब्लीच वाढवतात, वेळ वाढवतात, रंग तिथंच थांबलेला असतो आणि तुटत जातो तो कापसाचा तंतू. त्या दिवशी काही दिसत नाही. चार धुण्यांनंतर बरोब्बर डिझाइनच्या आकाराचं भोक पडतं.

म्हणून पाणी न घालता वापरायचं नाही. घरगुती ब्लीचमध्ये साधारण 4 ते 6 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असतं, त्यात तेवढंच पाणी घातलंत ते बरोबर आहे. पाच मिनिटांत रंग वळायला लागला पाहिजे. दहा मिनिटांत धुवायला घ्यायचं, फार फार तर पंधरा. बाटली कधीची आहे तेही बघा, ब्लीच उन्हाळ्यात कपाटात पडल्या पडल्या निम्मं होतं. आणि राणीपाल किंवा नीळ आणून "उडत नाही" म्हणणारे मला भेटलेत. ते ब्लीच नव्हे, ते कापडाला वरनं उजळ दाखवतं. ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर येते, तिनंही पक्का रंग उडत नाही, तिला तसंच बनवलंय.

टीसीएलवाले, तुमची पावडर चालते, पण चुन्याचा गाळ धरते. न विरघळलेला एक कण कापडावर बसला की तिथं टाचणीएवढं भोक पडतं. वापरायचीच तर रात्रभर निवळून वरचं पाणी घ्यायचं. ग्रामपंचायतीची मात्र विहिरीतच टाका.

आता कडा. तुम्ही जवळनं आणि जास्त फवारताय. पंपाचं तोंड बारीक करा, हातभर वरनं धरा, आणि पहिला फवारा कापडावर नको, बाजूला वर्तमानपत्रावर मारा, कारण मोठे थेंब त्यातच पडतात. कापड ओलं दिसता कामा नये, नुसतं दंव पडल्यावर दिसतं तेवढं. रंग वळला की हवं तर दुसरा हात. फवाऱ्यापेक्षा मला स्पंज बरा वाटतो. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा बुडवायचा, पिळायचा, परत पिळायचा आणि उभा टेकवायचा. घासायचं नाही, घासलं की पाणी स्टेन्सिलखाली सरकतं. टीशर्टच्या पोटात पुठ्ठा घालायचा आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, नाहीतर पाठीवर दुसरा कोकणकडा उगवेल. नवा टीशर्ट आधी एकदा धुऊन घ्या. त्यावर मऊपणासाठी सिलिकॉनचं फिनिश असतं, थेंब वर गोळा होऊन घरंगळतात आणि मग हवं तिथं उडत नाही, नको तिथं उडतं.

रंगकाटचं रात्री लिहितो. तो वेगळा प्राणी आहे.

प्रयोगवही

व्हिनेगरबद्दल मी सांगते, अकरावी-बारावीला रसायन शिकवते.

हायपोक्लोराइट आम्लारीधर्मी द्रावणात टिकून राहतं. बाटलीत थोडा कॉस्टिक सोडा असतो तो त्यासाठीच. त्यात आम्ल पडलं की ते थांबत नाही, उलट चेकाळतं. हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, आणखी आम्ल मिळालं की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात ब्लीचने निथळणारा कपडा व्हिनेगरमध्ये बुडवणं हा घसा आणि फुप्फुसं जाळून घेण्याचा मार्ग आहे. संडास धुवायच्या ॲसिडचंही तेच, तिथे तर हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रवही जवळ नको, त्यातून क्लोरामाइन हे विषारी वायू बनतात. हे काम गच्चीत करा. रबरी हातमोजे घाला, चष्मा घाला.

खरोखर थांबवायचं असेल तर सोडियम थायोसल्फेट. पूर्वी फोटो धुणारे ज्याला हायपो म्हणायचे ते. आता फोटोवाले राहिले नाहीत, पण शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात 'अँटीक्लोरीन' म्हणून जे खडे मिळतात ते बहुधा हेच असतात, पाकिटावर नाव वाचून घ्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मासे मरू नयेत म्हणून ते टाकतात. आधी कपडा वाहत्या पाण्याखाली खळखळून धुवायचा, मग लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा या हिशेबाने केलेल्या द्रावणात दहा मिनिटं, मग साबणाने.

ते नाही मिळालं तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवर 20 व्हॉल्यूम लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण 6 टक्के. एका भागाला पाच-सहा भाग पाणी पुरे. हायपोक्लोराइट आणि पेरॉक्साइड एकमेकांना संपवतात, मागे उरतं मीठ, पाणी आणि ऑक्सिजन. बुडबुडे दिसतात तो ऑक्सिजन. हेसुद्धा कपडा आधी नीट धुऊनच, थेट बाटलीत बाटली ओतून नको.

नुसत्या पाण्याने ब्लीच जातं का? बरंचसं जातं. पण शिवणीत आणि कॉलरच्या जाड भागात राहून जातं, आणि तिथेच कपडा आधी फाटतो.

एडिसनवाली

इथे अमेरिकेत स्टेन्सिलसाठी सगळे फ्रीझर पेपर वापरतात. मांस गुंडाळायचा जाड कागद, एका बाजूला प्लॅस्टिकचा पातळ थर. चकचकीत बाजू कापडावर ठेवून इस्त्री फिरवली की चिकटतो, काम झालं की डाग न ठेवता निघतो. 'क'चं पोटसुद्धा इस्त्रीने जागेवर चिकटवता येतं, त्यामुळे तुझा तिसरा प्रश्न मुळात येतच नाही. मराठी मंडळाच्या लहान मुलांकडून मी गणपतीचे टीशर्ट असेच करून घेतले, फक्त ब्लीच मोठ्यांनी लावलं. मिरजेत मिळणार नाही बहुतेक. भारतात येणाऱ्या कोणाला तरी एक गुंडाळी आणायला सांग.

बोर्डवाला

फ्रीझर पेपरची वाट बघत बसू नका. रेडियमवाल्याकडे जा. नंबरप्लेट आणि रिक्षाच्या काचेवरची नावं करतो तो. त्याच्याकडे कटिंग प्लॉटर, म्हणजे फाइलवरून आकार कापणारं मशीन, असतो आणि मागे चिकट असलेलं व्हिनाइल असतं. डिझाइनची फाइल द्या. अक्षरं मराठी फॉन्टमध्ये टाइप करून देऊ नका, आकारात बदलून द्या, नाहीतर त्याच्या मशीनवर 'कोकणकडा'चे चौकोन होतील. त्याला सांगा, अक्षरं तेवढी काढून टाक, पोटं आणि बाहेरचं ठेव. वरून ट्रान्सफरची टेप लावून देतो, त्यामुळे सुटी पोटंही जागच्या जागी बसतात. एक व्हिनाइल एकाच टीशर्टला. कापडावरून काढलं की परत नीट चिकटत नाही.

एक्स-रेवरच करायचं असेल तर पूल ठेवावे लागतात, म्हणजे आतला तुकडा बाहेरच्या भागाला धरून ठेवणाऱ्या न कापलेल्या पट्ट्या. मी पंचवीस वर्षं गोण्यांवर, पत्र्यांवर, खोक्यांवर स्टेन्सिल मारलीत. इंग्रजीत अडचण थोडी. ए, बी, डी, ओ अशी मोजकी अक्षरं. आपल्याकडे शिरोरेघ सगळा घोळ करते. प, म, य ही अक्षरं बघा. रेघ नसेल तर वरून उघडी आहेत, रेघ आली की झाकण बसलं आणि आतला तुकडा सुटा झाला. तुमच्या शब्दात तीन 'क' आणि एक 'ण', म्हणजे चार पोटं. शिरोरेघ काढून टाकलीत तर 'ण' मोकळा होतो, पण 'क'ची तिन्ही पोटं राहतातच, ती अंगचीच बंद आहेत.

म्हणून रेघ अख्खी कापायची नाही. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर दोन-तीन मिलिमीटरची खिंड सोडायची. 'क'ला उभ्या दांड्यावरच मधोमध आडवा पूल ठेवायचा, म्हणजे पोट उजवीकडच्या भागाला धरून राहतं. सगळ्या 'क'ना पूल एकाच उंचीवर पाहिजे, मग ती चूक वाटत नाही, तो अक्षराचा घाट वाटतो. पूल दोन मिलिमीटरपेक्षा बारीक केलात तर ब्लीच खालून आरपार जाईल आणि पूल दिसणारच नाही. 'ो'ची मात्रा शिरोरेघेपासून तोडून वेगळी कापा, एकत्र ठेवली की तो कोपरा हमखास फाटतो. आणि अक्षर दोन इंचांपेक्षा लहान करू नका.

आणखी एक. जुन्या एक्स-रेवर काळा थर असतो तो जिलेटिनचा. ब्लीच लागलं की तो बुळबुळीत होऊन सुटतो आणि टीशर्टला चिकटतो. कापायच्या आधीच एक्स-रे थोडा वेळ ब्लीचच्या पाण्यात ठेवा, थर पुसून काढा. खाली स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिक मिळतं, रेषा छापायलाही सोपं.

धोटा_इचलकरंजी

बोर्डवाले, शिरोरेघेचं एक नंबर सांगितलंत. आम्ही स्क्रीनवाले, जाळीतनं रंग छापणारे, पोट जाळीलाच धरून राहतं, गळायची भीतीच नाही.

आता रंगकाट. बाजारात त्या नावानं जी पावडर मिळते ती बहुतेक हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. कोल्हापूरकडच्या लोकांना ती गुऱ्हाळावरनं माहीत असेल, गुळाला पिवळा रंग यावा म्हणून घालतात तीच. ब्लीच रंगाला ऑक्सिजननं तोडतं, ही उलट्या बाजूनं तोडते. कापसाच्या तंतूला तिचा त्रास ब्लीचपेक्षा कितीतरी कमी. रिॲक्टिव्ह काळा तिच्यानं झकास निघतो, कधी कधी दुधाळ पांढऱ्यापर्यंत. पण तिला उकळीजवळचं गरम पाणी आणि धुण्याचा सोडा लागतो, आणि हवेत ती पटकन मरते. अख्खा टीशर्ट उकळून फिका करायचा असेल तर हायड्रो. स्टेन्सिलमधनं लावायला नाही चालत, लावून इस्त्री घेईपर्यंत तिचा जीव गेलेला असतो. शिवाय पावडरीला ओल लागली की ती स्वतःच तापते आणि पेट घेते. पावसाळ्यात डबा उघडा ठेवून झोपायचं काम नाही.

स्टेन्सिलसाठी तिचा भाऊ आहे, रोंगोलाइट. डिस्चार्ज प्रिंट म्हणतात ते, म्हणजे रंग काढून नक्षी छापणं, त्याच्यावरच चालतं. थंड असताना तो गप्प असतो, वाफ मिळाली की जागा होतो. गवार गमच्या खळीत मिसळायचा, किलोभर पेस्टला शंभर ते दोनशे ग्रॅम. स्टेन्सिलमधनं लावायचा, सुकवायचा आणि वाफेच्या इस्त्रीखाली धरायचा. डोळ्यादेखत काळ्याचा पांढरा होतो, मी इतकी वर्षं बघतोय तरी बघावंसं वाटतं. पेस्ट घट्ट असल्यामुळं कडा अजिबात फुटत नाहीत. कारखान्यात डिस्चार्जची शाई 160 अंशांच्या आसपास भाजतात.

मग हेच का नाही करायचं? कारण इस्त्री करताना फॉर्माल्डिहाइड सुटतं. डोळे चुरचुरतात, घरभर कुजक्या गंधकाचा वास बसतो. उघड्या गच्चीत, वाऱ्याकडं पाठ करून केलंत तर ठीक. घरात लहान मूल किंवा दम्याचं कोणी असेल तर नाव काढू नका. आणि पांढरं हमखास येईल असं नाही. फिरोजी, मोरपंखी असले रंग रोंगोलाइटला दाद देत नाहीत. सल्फर काळ्याची तर वेगळीच मजा आहे. उडाल्यासारखा दिसतो, आणि नीट धुतला गेला नाही तर हवा लागून परत वर येतो.

डझनभर टीशर्टांसाठी तुम्ही ब्लीचच करा, ताई.

अनु_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः धोटाकाका आणि बोर्डवाले.

धागे जाळून बघितले. ढिम्म राहिलेला टीशर्ट वितळला, मणी अजून चिमट्याला चिकटलेला आहे. दिराने जे नवे टीशर्ट आणायचं ठरवलं होतं ते "ड्रायफिट" निघाले, म्हणजे पूर्ण पॉलिस्टर. ट्रेकला घाम सुकतो म्हणून तेच हवेत असा त्याचा हट्ट होता. शेवटी असं ठरलं, चढताना ज्याला जे घालायचं ते घाला, हे कॉटनचे टीशर्ट वर पोचल्यावर फोटोसाठी.

एकाच लॉटचे आणले. थेंब टाकून बघितला, विटकरीच आला, जरा गाजराकडे झुकणारा. दिराला पांढरं हवं होतं. त्याला धोटाकाकांचं वाक्य वाचून दाखवलं, आता तो ग्रुपमध्ये "कोकणकडा कुठे पांढरा असतो" असं स्वतःचं असल्यासारखं सांगत फिरतोय.

रेष स्पंजने केली, कडा स्वच्छ आल्या. कड्याखालच्या दरीसाठी मात्र मुद्दाम फवारा वापरला, विरळ ठिपक्यांचं धुकं दिसतं. अक्षरांचं व्हिनाइल रेडियमवाल्याने कापून दिलं. त्याला आधी वाटलं मी गाडीला लावणार आहे, कुठली गाडी ते तीनदा विचारलं. माशांच्या दुकानात खडे मिळाले.

एकच शंका राहिली. खालच्या पट्टीवर टेस्ट केली तिथे कापड विटकरी झालं, पण टाके काळेच राहिले. ते उडवायला परत ब्लीच लावू का?

धोटा_इचलकरंजी

नको. शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा असतो, तो हलणार नाही, नुसतं कापड खाल. काळे टाके राहू द्या. दुकानात असल्या उठून दिसणाऱ्या टाक्याचे जास्त पैसे घेतात.

पहिली दोन धुणी वेगळी धुवा, उलटा करून.

खारे_शेंगदाणे

माझ्याकडे एक काळा रेशमी कुर्ता आहे, लग्नातला, आता पोटावर होत नाही. त्याच्यावर करू का हा प्रयोग?

प्रयोगवही

रेशीम आणि लोकर ब्लीचमध्ये विरघळतात. रात्रभर ठेवलात तर सकाळी कुर्ता नसेल, नुसती बटणं असतील. पोटाचा प्रश्न तेवढा सुटेल.